वाकड्या हातांचं गाव

रविवारी पहाटे शिराउरातल्या बायका जेवढी कामं उरकतात तेवढी बाकीच्या गावांत आठवडाभरातही उरकत नसतील, असं आमच्याकडच्या बायकांचं मत आहे. पुरुषांना या विषयात मत नाही. त्या वेळी ते मुलांच्या बेसबॉलसाठी मैदानावर पांढऱ्या रेघा आखत असतात.

त्या रविवारी चहाची पाळी साओरी ओचीची होती. चहाची पाळी म्हणजे नुसता चहा नव्हे. सातूच्या गार चहाची टाकी, बर्फाची पेटी, ओले रुमाल, मुलांसाठी भाताचे गोळे आणि मुख्य प्रशिक्षक कानेमित्सु सरांची कॉफी, एवढं सगळं त्यात येतं. सरांना कॉफी मॅच सुरू व्हायच्या आधी गरम लागते आणि मधल्या सुट्टीत गार. मागच्या हंगामात एका नव्या आईने हे उलटं केलं. सर काही बोलले नाहीत. तिचा मुलगा मात्र उरलेला हंगाम बाकावर बसून होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता का, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी तो आपापल्या मनात जोडून घेतला, आणि त्यानंतर सरांची कॉफी कधी चुकली नाही.

साओरी गोळ्यांना शेवाळ्याचं पान गुंडाळत होती. समोर कोसेई, तिचा सहावीतला मुलगा, न्याहारीला बसला होता. त्याच्या पाठीवर एक नंबर होता. आमच्याकडे एक नंबर टीमच्या मुख्य पिचरला मिळतो, म्हणजे जो चेंडू फेकतो आणि ज्याच्या जिवावर बाकीचे आठ जण उभे राहतात त्याला. तो कापडी आकडा आईने स्वतःच्या हाताने शर्टावर शिवायचा असतो.

"अरे, मांजरासारखा काय जेवतोस?" साओरी म्हणाली.

कोसेईने भाताची वाटी टेबलावरच ठेवली होती आणि तोंड वाटीपाशी नेलं होतं. जेवायच्या काड्या उजव्या हातात होत्या, पण हात तोंडापर्यंत येतच नव्हता.

"असंच."

"हात वर कर बघू."

"झोपेत अवघडलाय गं. मला उशीर होतोय."

मग तो तोंड धुवायला गेला. साओरीने दारातून पाहिलं. पोरगा डाव्या हाताने, एकाच ओंजळीने चेहऱ्यावर पाणी मारत होता, आणि उजवा हात पोटाशी धरला होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिचा नवरा तोमोहिसा टीमचा सहायक प्रशिक्षक होता. टीमला बाप वाहायचा आणि आई राबवायची, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

मैदानावर बायकांची जागा मागच्या जाळीबाहेर, चिंचोळ्या सावलीत. पांढऱ्या रेघेच्या आत बाई जात नाही. असा लेखी नियम नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. सावलीच्या मधोमध फुमिए बसायची, पिचरचे चेंडू झेलणाऱ्या कॅचर दाइगोची आई आणि सगळ्या आयांची प्रमुख. कुणी कोणत्या रंगाची टोपी घालावी हेसुद्धा ती ठरवायची.

"कोसेईची आई, तुझं पोरगं म्हणजे लोखंड आहे हो."

"आज जेवताना त्याचा हात तोंडापर्यंत जात नव्हता," साओरी म्हणाली.

"जाईल कसा? रात्री फोन छातीवर घेऊन झोपतात मेले. आमच्या दाइगोची मान बघ, आठवडाभर एकाच बाजूला." बायका हसल्या. मग फुमिए जरा पुढे झुकली. "आणि हे बघ, असलं काही इथं मोठ्याने बोलू नकोस. पलीकडच्या टीमचे लोक बसलेत."

एका मुलाने दिवसाला सत्तरच्या वर चेंडू टाकायचे नाहीत, असा वरून आलेला नियम आहे, आणि आमचे सर नियम मोडत नाहीत. सत्तर झाले की ते कोसेईला पिचरच्या जागेवरून काढतात आणि कॅचरच्या जागी बसवतात. दाइगोला तेवढा वेळ लांब कुठे तरी उभं करतात. कॅचरला आलेला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, पण ते फेकणं कुणी मोजत नाही. नियम लिहिणाऱ्यांची आमच्या सरांशी ओळख नव्हती. शिवाय दुपारी शेजारच्या गावाशी मैत्रीची मॅच. मैत्रीत कोण मोजतं?

टीम जिंकली. पुढच्या रविवारी शरद चषकाची अंतिम मॅच होती. सरांनी सगळ्यांसमोर कोसेईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोमोहिसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांचा तो हात कोपरात सरळ होत नाही. तोमोहिसाचाही होत नाही. आमच्या गावात जो कोणी एक नंबर घालून गेला त्या प्रत्येकाचा उजवा हात वाकडा आहे, आणि याला कुणी आजार म्हणत नाही. वर्षाखेरीच्या जेवणाला हे सगळे एका रांगेत बसतात. सर "हात!" म्हणाले की पेले धरून हात पुढे करतात. ज्याचा हात सगळ्यात वाकडा, त्याला टाळ्या जास्त. सार्वजनिक न्हाणीघरात तरुण पोरं त्यांना पाठ चोळायला आधी जागा देतात. तोमोहिसा डाव्या हाताने दाढी करतो. त्याच्या शर्टाचं गळ्याचं बटण साओरी लावते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिला हे प्रेम वाटलं होतं.

मंगळवारी तिने शाळेला ताप कळवला आणि कोसेईला घेऊन शहरातल्या हाडांच्या दवाखान्यात गेली. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, ते तिला पाठ होतं.

डॉक्टर कुसुनोकी पन्नाशीच्या बाई होत्या. आवाज खर्जातला, आणि बोलताना आईकडे न बघता मुलाकडे बघायची सवय.

"कधीपासून दुखतंय?"

"परवापासून."

"परवापासून, की संत्र्यांना फुलं होती तेव्हापासून?"

कोसेई बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फुलं होती."

फुलं मे महिन्यात येतात. आता संत्री पिवळी पडत होती.

पडद्यावर हाडाची करडी रेघ दिसत होती, आणि एका जागी ती तुटलेली होती. "हा तुकडा जागा सोडायला लागलाय," डॉक्टर म्हणाल्या. "फुलं होती तेव्हा आणलं असतंत तर नुसत्या विश्रांतीने भरून आलं असतं. आता शस्त्रक्रिया करावी लागेल. वर्षभर चेंडू नाही. आणि तुकडा पूर्ण सुटला, तर हात सरळही व्हायचा नाही आणि नीट वाकायचाही नाही. जन्मभर."

"रविवारी फायनल आहे," कोसेई म्हणाला.

"बाळा, रविवारी तो सुटेल."

डॉक्टरांनी गाव विचारलं. साओरीने सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "शिराउरा. तुमच्या गावचे हात मला ओळखू येतात. चाळिशी उलटल्यावर येतात सगळे. दुखतंय म्हणून नाही येत हं. लेकराला उचलून घेता येत नाही म्हणून येतात. तुमच्या सरांना दोनदा फोन केला मी. म्हटलं, सोनोग्राफीचं मशीन घेऊन मीच मैदानावर येते, अर्धा दिवस द्या, सगळ्या पोरांचे हात बघते. म्हणाले, आमची पोरं धडधाकट आहेत."

परतीच्या गाडीत कोसेई खिडकीकडे तोंड करून रडला. मग वळला.

"आई, रविवारपर्यंतच. मग काय कापायचं ते कापा. मी हूं की चूं करणार नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस रे?"

"दुखतं म्हणणाऱ्याला सर एक नंबर देत नाहीत."

"मी काय सर आहे?"

"बाबांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी औषधाची पट्टी लावून दिली. म्हणाले, हे आपल्या दोघांतलं गुपित."

एवढे दिवस साओरी त्या पट्ट्यांची रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकत होती, नवऱ्याच्या कंबरेच्या समजून.

संध्याकाळी तोमोहिसा न्हाऊन आला तेव्हा तिने त्याच्यापुढे हाडाचा फोटो ठेवला. त्याने तो उचलला नाही. त्याला बघायची गरजच नव्हती.

"तुला माहीत होतं."

"सगळ्यांचंच दुखतं गं त्या वयात. माझं नव्हतं दुखत? डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर थांबाच म्हणणार. त्यांचं काय जातं?"

"तुकडा सुटतोय, तोमो."

"माझाही सुटला. जेवतोय ना मी? काम करतोय ना? मला कुणी अडवलं नाही म्हणून मी एक नंबर झालो. नाहीतर मी कोण होतो? मासळीवाल्याचं चौथं पोर."

"आणि आता कोण आहेस? शर्टाचं बटण मी लावते तुझं."

तोमोहिसाने उजवा हात टेबलाखाली घेतला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, त्यात त्याने तो हात पहिल्यांदा लपवला. मग इतक्या हळू आवाजात म्हणाला, की भांडण असतं तर बरं असं तिला वाटलं: "मी सरांना काय सांगू, साओरी? त्यांच्यासमोर उभं राहून मी काय सांगू?"

"मी सांगते."

"तू? तू तर रेघेच्या आतही येऊ शकत नाहीस."

ती बुधवारी सरांच्या घरी गेली. सरांच्या बायकोने दारातच सांगितलं, सर झोपलेत. गुरुवारी गेली, सर बाहेर गेलेत. शुक्रवारी फुमिएने फोन करून बजावलं, "टीम फायनलला चाललीय आणि तू घरोघरी रडत फिरतेस? अठरा मुलांचं वर्ष आहे हे. तुझ्या एकटीचं नाही." साओरीने शाळेत फोन केला. शाळा म्हणाली, टीम शाळेची नाही. चषक भरवणाऱ्यांना केला. ते म्हणाले, सत्तरचा नियम पाळला जातोय ना? मग आमचं काही म्हणणं नाही. दाद मागायची जेवढी दारं तिला माहीत होती तेवढी ठोठावून झाली. प्रत्येक दारातला माणूस सभ्य होता, कमरेत वाकून क्षमा मागत होता आणि दार लावून घेत होता.

रविवारी ती उठली तेव्हा बाप-लेक निघून गेले होते. गाडी नव्हती. दाराशी एक नंबरचा शर्ट वाळत घातला होता, तोही नव्हता. घरच्या चपला पायात तशाच ठेवून ती सायकलवर बसली.

मैदानात माणूस मावत नव्हता. वाकड्या हातांची सगळी रांग पुढे बसली होती. कोसेई मातीच्या उंचवट्यावर सरावाचे चेंडू टाकत होता, आणि प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकण्याचं नाटक करून कोपर धरत होता. हे त्या गर्दीत फक्त दोन माणसांना दिसत होतं, आणि त्यातलं एक मान खाली घालून उभं होतं.

साओरी जाळीच्या दारातून आत गेली. पांढरी रेघ ओलांडली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. घरच्या चपला घातलेली बाई मैदानात कशाला येईल? मग सगळं शांत झालं. ती उंचवट्यावर पोरापाशी गेली, आणि काय बोलायचं ते काहीच न सुचल्यामुळे तिथं मातीत बसली.

"आई, जा ना!" कोसेई कुजबुजला. "जा ना गं!"

कानेमित्सु सर सावकाश चालत आले. ते ओरडले नाहीत. त्यांना कधी ओरडावं लागलंच नव्हतं. "आईची माया आहे, मी समजू शकतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण विचारू या मुलालाच. कोसेई, तुला टाकायचंय ना?"

"हो, सर!"

"दुखतंय?"

"नाही, सर!"

"ऐकलंत?"

"बारा वर्षांचा आहे तो," साओरी म्हणाली. "तुम्ही विचारल्यावर दुसरं काय म्हणेल? मेला तरी नाहीच म्हणेल."

तोमोहिसा धावत आला होता. "ऊठ. लोक बघतायत. पाया पडतो, ऊठ."

"मला उचल," ती म्हणाली. "उचल आणि बाहेर नेऊन ठेव. जमत असेल तर."

तो वाकला, आणि तसाच थांबला. मग सरळ झाला आणि दोन पावलं मागे गेला. त्याने बायकोची बाजू घेतली असं नाही. त्याला कुठलीच बाजू घेता आली नाही, एवढंच.

सरांनी क्षणभर हिशेब केला. पंच घड्याळाकडे बघत होते, पलीकडची टीम हसत होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "नंबर ठेवून जा."

कोसेई शर्ट काढून, बनियनवर, सगळ्या गावासमोर उभा राहिला. आकडा शिवलेला होता. कात्री कुणी आणून दिली नाही. साओरीने आपणच घातलेले टाके दातांनी तोडले, आणि त्या पाचदहा मिनिटांत मैदानावर तेवढाच एक आवाज होता. मुलाने ते कापड दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून सरांना परत केलं. उजवा हात तेव्हाही सरळ झाला नाही.

"तू माझी कुणी नाहीस," तो आईला म्हणाला. मोठ्याने नाही, पण तिला ऐकू जाईल एवढं.

तो बाहेर पडत असतानाच सरांनी कापड पुढे केलं. "यूझुरू!" दाइगोचा धाकटा भाऊ धावत आला. चौथीतलं पोर, दहा वर्षांचं, टोपी कानांवर आलेली. फुमिएने जाळीतून टाचण्या आत सारल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगावं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाकड्या हातांनीही वाजवल्या.

साओरी सायकलपाशी पोहोचली होती. तिथंच तिला कळलं, की तिने चेंडू थांबवला नव्हता, फक्त एका पोराच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात दिला होता.

यूझुरूने ती मॅच जिंकली. गाव रात्रभर आनंदात होतं.

कोसेईची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा महिना तो आईशी बोलला नाही. काही हवं असेल तर हवेला सांगायचा: "पाणी पाहिजे." चहाच्या पाळीच्या यादीतून साओरीचं नाव गळलं. दुकानात बायका तिला पाहून दुसऱ्या रांगेत उभ्या राहायच्या. हे सगळं सोसायचं तिने ठरवलेलं होतं. पण दर रविवारी मैदानावरून "यूझुरू! यूझुरू!" असा गजर यायचा, तो सोसवत नव्हता. ती खिडकी लावायची, आणि बंद खिडकीतूनही तिला ऐकू यायचं.

शेवटी तिने डॉक्टर कुसुनोकींना फोन केला. "मैदान मिळणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या माहेरची संत्र्यांची वखार रिकामी आहे. वीज आहे, टेबल आहे. याल का?"

"किती मुलं येतील?"

"एकही येणार नाही बहुतेक."

"मग येते," डॉक्टर म्हणाल्या. "गर्दी नसली की बरं असतं."

साओरीने घराघरांत जाऊन सांगितलं. कुणी दार उघडलं, कुणी नाही. वखारीची किल्ली कित्येक वर्षं तोमोहिसाच्या पेटीत होती. ती मागायला तिची जीभ उचलेना. ठरलेल्या दिवशी सकाळी ती किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या बशीशेजारी ठेवलेली होती. तो स्वतः रेघा आखायला मैदानावर निघून गेला होता.

दुपार झाली. मशीन चालू होतं, टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता आणि कुणी आलं नव्हतं. डॉक्टर संत्री सोलून खात होत्या. त्यांनी पाच वेळा "काही हरकत नाही" म्हटलं, आणि साओरीला प्रत्येक वेळी रडू आलं.

मग मागच्या बागेतल्या पायवाटेने फुमिए आली. डोक्यावर टोपी, टोपीवर ओढणी, यूझुरूचं मनगट घट्ट धरलेलं. तिने नमस्कार केला नाही.

"दार लाव," ती म्हणाली. "दाइगोला वाटेवर उभं केलंय. कुणी येताना दिसलं तर तो शीळ घालणार आहे. आणि मी इथं आलेच नव्हते, कळलं? सहज दाखवून ठेवावं म्हणून आणलंय. त्याला काही झालेलं नाही."

साओरीने दार लावलं.

डॉक्टरांनी यूझुरूला टेबलावर बसवलं, बाही वर केली, कोपराला गार जेल लावलं आणि अंगठ्याने आतल्या बाजूला हलकेच दाबलं.

"इथं दुखतं का रे?"

यूझुरूने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्याने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. हात त्याचा होता, कोपर त्याचं होतं, पण ते दुखतंय की नाही हे त्याला आईच्या चेहऱ्यावरून ठरवायचं होतं.

आणि ते फुमिएला दिसलं. गावातल्या तमाम बायकांना गप्प करणाऱ्या त्या बाईने ओढणी सोडली. पुन्हा बांधायला घेतली. बांधली नाही.

"सांग," ती म्हणाली. "खरं काय ते सांग बाळा. मी नाही ओरडणार."

लांब मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. पोरगा दचकला, आणि मग खाली बघत म्हणाला, "फेकताना नाही दुखत. घरी आल्यावर दुखतं. जेवताना."

डॉक्टरांचा अंगठा तिथंच थांबला. साओरीला कोसेईची टेबलावरच राहिलेली भाताची वाटी आठवली. जे कळायचं ते तिला त्या सकाळीच कळायला हवं होतं.

फुमिए उठली. तिने वखारीचं दार धाडकन पूर्ण उघडलं आणि वाटेवर उभ्या असलेल्या थोरल्याला, बाजारपेठेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली:

"दाइगो! पहारा पुरे. आत ये, आणि बाही वर कर."